बायॉस टाकताना वीज गेली आणि मदरबोर्ड निपचित पडला: तो वाचवता येईल का?

अक्षरजुळणी (महाल, नागपूर)

नमस्कार. मी घरूनच डीटीपीचे काम करते आणि लग्नसराई असल्यामुळे माझ्याकडे पत्रिकांची बरीच कामे साचली आहेत. परवा दुपारी माझ्या संगणकाचे जे झाले ते घडले त्या क्रमाने लिहिते, कारण त्यातले महत्त्वाचे काय आणि बिनमहत्त्वाचे काय हे मला ठरवता येत नाही.

मदरबोर्ड बी४५० चिपसेटचा, एएम४ सॉकेटचा आहे. तो २०१९ मध्ये घेतला होता, म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली. त्यावर रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे. भाच्याने त्याचा वापरलेला रायझन ५ ५६०० मला दिला. परंतु तो चालण्यासाठी बोर्डात नवे बायॉस (संगणक सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) असावे लागते असे कंपनीच्या संकेतस्थळावर दिलेले असल्यामुळे मी जुना प्रोसेसर तसाच ठेवला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि बायॉसमध्येच जी अद्ययावत करण्याची सोय असते तिच्यातून ती टाकायला सुरुवात केली. जुने पुसून झाल्याचे दिसले, नवे लिहिणे सुरू झाले, आणि पट्टी साधारण एक तृतीयांश सरकली असताना खोलीतल्या कूलरच्या पंपात शॉर्ट होऊन एमसीबी (प्रवाह फार वाढला की वीज तोडणारा खटका) पडला. संगणक यूपीएसवर होता, पण यूपीएस एक क्षणही टिकला नाही.

तेव्हापासून बटण दाबले की पंखे फिरतात, बोर्डावरचा एक दिवा लागतो, मात्र डिस्प्ले येत नाही, बीप वाजत नाही, आणि कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवाही पेटत नाही. मी रॅम काढून खोडरबराने पुसून पुन्हा बसवली, एकेक पट्टी लावून पाहिली, बायॉसचा सेल रात्रभर काढून ठेवला. काहीही फरक पडला नाही. काल बर्डीवरच्या एका दुकानात बोर्ड नेला असता, त्यांनी पाच मिनिटांत तो डेड असल्याचे सांगून नवा घेण्याचा सल्ला दिला.

माझी अडचण अशी आहे की ज्या मराठी टंकांवर (फॉन्टवर) माझे सगळे काम चालते त्यांच्या सॉफ्टवेअरचा परवाना याच यंत्राशी बांधलेला आहे, आणि सात-आठ पत्रिकांच्या फाइली आतल्या एसएसडीवर अडकून आहेत. बोर्ड खरोखरच गेला आहे का? गेला नसेल, तर तो नागपुरातच नीट करून घेता येईल का, की घरी काही करता येण्यासारखे आहे? मला सोल्डरिंग येत नाही, पण सांगितलेले काम मी काळजीपूर्वक करू शकते.

चिपलेव्हल_बर्डी

ताई, तुम्ही इतके व्यवस्थित लिहिले आहे की निम्मे निदान त्यातच झाले. मी मदरबोर्डची चिप-लेव्हल दुरुस्ती करतो आणि मला वाटते की तुमचा बोर्ड जिवंत आहे. त्याचे फक्त सुरुवातीचे शब्द पुसले गेले आहेत.

बायॉस ज्यात असते ती चिप बोर्डावर वेगळी असते, आठ पायांची, नखाएवढीसुद्धा नसलेली. वीज सुरू झाली की पहिल्या सूचना तेथूनच वाचल्या जातात. त्या सूचना अर्धवट असतील तर प्रोसेसर, रॅम आणि बाकीचा बोर्ड पूर्ण ठणठणीत असूनही यंत्र पंखे फिरवण्यापलीकडे काही करू शकत नाही. पंखे फिरवायला बायॉस लागत नाही, डिस्प्ले आणायला लागते. सेल काढल्याने फक्त सेटिंग पुसली जातात, त्या चिपमधला मजकूर जसाच्या तसा राहतो. म्हणून रात्रभर सेल काढून काही झाले नाही, यात आश्चर्य नाही. मला हे नवे नाही. १९९९ साली २६ एप्रिलला सीआयएच नावाच्या व्हायरसने कितीतरी यंत्रांची बायॉस चिप खरडून टाकली होती, तेव्हा मी हे काम शिकत होतो. त्या काळी चिप सॉकेटमध्ये असायची, म्हणून आम्ही त्याच जातीचा चांगला बोर्ड सुरू करून, तो चालू असतानाच त्याची चिप उपटून तेथे मेलेली चिप बसवायचो आणि तिच्यात बायॉस भरायचो. आज चिप बोर्डाला सोल्डर केलेली असते, पण मूळ गोष्ट तीच आहे.

तरीही एक शंका आधी दूर केली पाहिजे. शॉर्ट होऊन लाइन गेली आहे, तेव्हा धक्का एसएमपीएसलाही (संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीलाही) बसलेला असू शकतो, आणि एसएमपीएस खराब असताना बायॉसच्या मागे लागणे म्हणजे दिवस फुकट घालवणे. मल्टिमीटर असेल तर २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी तार पाहा. यंत्र बंद असताना पण मागचा स्विच चालू असताना तिच्यावर ५ व्होल्ट हवेत. मग यंत्र सुरू करून पिवळीवर १२, लाल तारेवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात का ते पाहा. मीटरचे काळे टोक काळ्या तारेला, आणि लाल टोक कनेक्टरच्या मागच्या बाजूने आत घाला. दोन पिनांना एकदम टेकू देऊ नका.

तोवर एक विनंती. पत्रिकांसाठी थांबू नका. एसएसडी काढून यूएसबीच्या डबीत घाला आणि दुसऱ्या संगणकावर फाइली उतरवून घ्या. बायॉस बिघडल्याने डिस्कवरच्या मजकुराला काही होत नाही. विंडोजचे बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू केलेले असेल तर मात्र ४८ अंकांची रिकव्हरी की विचारली जाईल, ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते का ते तपासा.

हिंगणा_रोड

बोर्डाच्या मागच्या बाजूला, यूएसबीच्या खाचांजवळ, फ्लॅशबॅकचे (थेट पेनड्राइव्हवरून बायॉस भरण्याचे) छोटे बटण आहे का ते आधी पाहावे. असल्यास प्रोसेसर आणि रॅम यांचीही गरज नसते. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर कंपनीने सांगितलेल्या नेमक्या नावाने फाइल ठेवायची, ठरलेल्याच खाचेत लावायची, २४ पिनांची आणि प्रोसेसरची अशा दोन्ही वायरी जोडलेल्या असताना बटण दाबायचे आणि दिवा लुकलुकणे पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्याने काम होत असेल तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

अक्षरजुळणी

दोघांचेही आभार. एसएमपीएसच्या सगळ्या तारांवर तुम्ही सांगितलेले व्होल्टेज मिळाले; १२ च्या जागी ११.९ दिसले, ते चालत असावे असे समजते. फाइली शेजाऱ्यांच्या लॅपटॉपवर उतरवल्या आणि दोन पत्रिका आज छपाईलाही गेल्या, त्यामुळे जीव थोडा खाली पडला आहे. बिटलॉकर नव्हते.

फ्लॅशबॅकचे बटण माझ्या बोर्डावर नाही. बोर्ड कॅबिनेटमधून काढून भिंगाखाली पाहिला. सेलच्या जवळ आठ पायांची एक चिप आहे, तिच्या एका कोपऱ्यात गोल खळगा आहे, आणि तिच्यावर विनबॉन्ड आणि त्याखाली २५क्यू१२८एफडब्ल्यू असे कोरलेले आहे. पुढची अक्षरे पुसट आहेत. भाच्याच्या कॉलेजमधल्या मित्राकडे सीएच३४१ए नावाचा प्रोग्रॅमर (चिपमधला मजकूर वाचणारे-लिहिणारे छोटे उपकरण) आणि चिपला लावायची क्लिप आहे, तो उद्याच आणून देऊ म्हणतो. लगेच लावून पाहू का?

चिपलेव्हल_बर्डी

लावू नका. आधी हे पूर्ण वाचा, कारण या एका टप्प्यावर चिप कायमची जाण्याचे प्रकार मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

चिपच्या नावातला १२८ हा आकडा मेगाबिट सांगतो, म्हणजे तुमची चिप १६ मेगाबाइटची आहे. तो भाग सोपा. खरी गोष्ट शेवटच्या दोन अक्षरांत आहे. याच कंपनीच्या २५क्यू१२८ चिपांपैकी एफव्ही किंवा जेव्ही लिहिलेल्या चिपा ३.३ व्होल्टवर चालतात, आणि एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू लिहिलेल्या १.८ व्होल्टवर. तुमची १.८ व्होल्टची आहे. एएम४ च्या बोर्डांवर अशाच चिपा जास्त करून भेटतात. सीएच३४१ए मात्र चिपला ३.३ व्होल्ट देतो, आणि त्याचा बाजारात सर्रास मिळणारा काळा प्रकार त्याहून वाईट आहे: चिपच्या पुरवठ्याला ३.३ असले तरी डेटाच्या पायांवर तो ५ व्होल्ट फेकतो. ३.३ व्होल्टच्या चिपा हा जुलूम बऱ्याचदा सहन करतात आणि म्हणून लोकांना वाटते की प्रोग्रॅमर बरोबर आहे. १.८ व्होल्टच्या चिपेला तो सोसेलच याची खात्री नाही, आणि क्लिप बोर्डावरच लावलेली असल्यामुळे त्याच तारांना जोडलेल्या प्रोसेसरच्या पायांपर्यंतही तो पोचतो. तुमचा प्रोसेसर आज चांगला आहे, त्याला या धोक्यात घालू नका.

यासाठी १.८ व्होल्टचा अडॅप्टर मिळतो. ती एक छोटी हिरवी पट्टी असते, प्रोग्रॅमर आणि क्लिप यांच्या मध्ये बसते, आणि पुरवठा व डेटा दोन्ही १.८ वर आणते. तो मागवा, दोन दिवस थांबा. बसवल्यावर, चिपला लावण्याआधी, क्लिपच्या आठव्या आणि चौथ्या तारेमध्ये मीटरने १.८ मिळतात हे स्वतः पाहा. अडॅप्टर उलटा बसला तर तेथेच कळेल. शक्य असेल तर या कामासाठी प्रोसेसर सॉकेटमधून काढून बाजूला ठेवा.

आता हाताचे काम. एसएमपीएसची वायर बोर्डातून काढा, सेल काढा, आणि कॅबिनेटच्या बटणाच्या दोन पिना दहा-पंधरा सेकंद जोडून धरा, म्हणजे कॅपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाईल. चिपचे पाय आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) आणि मऊ ब्रशने पुसा. वरचे पातळ लॅकर संपर्क होऊ देत नाही. तुम्ही पाहिलेला गोल खळगा हा पहिला पाय. क्लिपच्या रंगीत पट्टीतली लाल तार त्या बाजूला यायला हवी. क्लिप वरून सरळ दाबा, तिरपी नको, आणि प्रोग्रॅमर लॅपटॉपच्या खाचेतच लावा. लांब यूएसबी वायर वापरू नका.

सॉफ्टवेअरमध्ये आधी फक्त ओळख वाचायला सांगा. ईएफ ६० १८ असे उत्तर आले तर चिप तुमच्याशी बोलते आहे. सगळे एफएफ आले तर क्लिप लागलेली नाही, ती पुन्हा बसवा. पाच-सहा वेळा बसवावी लागली तरी निराश होऊ नका, मलाही लागते. काही बोर्डांवर मात्र क्लिपचा पुरवठा बाकीचा बोर्ड ओढून घेतो आणि चिप काही केल्या उत्तर देत नाही. तसे झाले तर जोर करू नका. चिप हॉट एअरने काढून वेगळी भरावी लागेल आणि ते काम दुकानातच करून घ्या.

ओळख पटली की लिहिण्याची घाई करू नका. आधी चिपमध्ये आज जे आहे ते वाचून फाइल जपा. मग क्लिप न हलवता पुन्हा वाचा आणि दुसरी फाइल करा. दोन्हींचा हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) एकच आला पाहिजे. वेगळा आला तर संपर्क कच्चा आहे, आणि ज्या संपर्कातून नीट वाचता येत नाही त्यातून नीट लिहिताही येणार नाही. ही बिघडलेली प्रत फेकून देऊ नका. तुमच्या बोर्डाचा अनुक्रमांक आणि ओळख तिच्यातच कोठेतरी असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तुमच्या टंकांच्या परवान्याचा प्रश्न निघाला तर तीच उपयोगी पडेल. त्यानंतर पुसणे, रिकामी झाल्याची तपासणी, लिहिणे, आणि लिहिलेले पुन्हा वाचून पडताळणे, या क्रमाने जा.

फाइल फक्त बोर्डाच्या कंपनीच्याच पानावरची घ्या. इतर ठिकाणी दुसऱ्याच्या बोर्डातून काढलेल्या प्रती मिळतात. त्या चालतातही, पण कोणाच्या बोर्डाचा क्रमांक आणि कोणी घुसडलेले काय आपल्या यंत्रात येईल, सांगता येत नाही.

अक्षरजुळणी

चार दिवसांनी लिहिते आहे, कारण अडॅप्टर यायला वेळ लागला. अडॅप्टर लावल्यावर मीटरने १.८१ व्होल्ट दाखवले. प्रोसेसर काढून ठेवला. पहिल्या तीन वेळा सगळे एफएफ आले. चौथ्यांदा पाय पुन्हा पुसून, भिंगाखाली पाहत क्लिप बसवली आणि ईएफ ६० १८ ही अक्षरे आली, तेव्हा मी आणि भाचा दोघेही बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिलो. दोन वेळा वाचले, दोन्ही हॅश सारखे. जपलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडली तर मधला फार मोठा भाग नुसत्या एफएफने भरलेला होता, म्हणजे पुसलेला पण न लिहिलेला. बिघाड इतका स्पष्ट डोळ्यांनी दिसेल असे वाटले नव्हते.

मग कंपनीच्या पानावरून नवी फाइल घेतली, चिप पुसली, आणि फाइल उघडली. सॉफ्टवेअरने ती चिपपेक्षा मोठी असल्याची सूचना दिली. मी ती मान्य करून पुढे गेले, लिहिणे पूर्ण झाले, पडताळणीही जुळली. प्रोसेसर आणि रॅम बसवून बोर्ड सुरू केला, पण लक्षणे आधीचीच: पंखे फिरतात, बाकी काही नाही. माझे काय चुकले असेल? फाइलचा आकार १,६७,७९,२६४ बाइट आहे.

हिंगणा_रोड

चूक त्या सूचनेतच आहे, आणि ती दुरुस्त होणारी आहे. १६ मेगाबाइटच्या चिपमध्ये १,६७,७७,२१६ बाइट मावतात. आपल्या फाइलचा आकार त्याहून बरोबर २,०४८ ने जास्त आहे. कंपन्या बायॉसची फाइल अनेकदा एका आवरणात घालून देतात. त्या आवरणात बोर्डाचे नाव, सही इत्यादी माहिती असते, आणि बायॉसमधली अद्ययावत करण्याची सोय ते वाचून, मग काढून टाकून, उरलेले चिपमध्ये लिहिते. प्रोग्रॅमरला हे काही माहीत नसते. त्याने आवरणापासूनच लिहायला सुरुवात केली, त्यामुळे आतले सगळे २,०४८ बाइटनी पुढे सरकले आणि शेवटचे तेवढेच बाइट चिपमध्ये मावलेच नाहीत. पडताळणी जुळली, कारण चुकीची गोष्ट अचूक लिहिली गेली होती.

एवढ्याशा सरकण्याने सगळे का अडते, हे सांगण्यासारखे आहे. एएमडीच्या या प्रोसेसरांमध्ये मुख्य गाभे (कोअर) जागे होण्याआधी आतला एक छोटा सुरक्षा-प्रोसेसर जागा होतो आणि बायॉस चिपमधल्या काही ठरलेल्याच पत्त्यांवर एक खूण शोधतो. ती खूण सापडली तरच पुढची वाट कळते. नाही सापडली तर तो तेथेच थांबतो, आणि बाहेरून बोर्ड मेल्यासारखा दिसतो.

फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा, सुरुवातीचे २,०४८ बाइट, म्हणजे हेक्समध्ये ८०० पत्त्याच्या आधीचे सगळे, निवडून पूर्ण काढून टाका. शून्याने भरू नका, काढून टाका. नव्या नावाने जपा आणि आकार १,६७,७७,२१६ झाला का ते पाहा. मग हेक्स २०००० या पत्त्यावर जा. तेथे एए ५५ एए ५५ ही चार बाइटांची खूण दिसली की आवरण बरोबर निघाले. आत्ता तुमच्या चिपमध्ये तीच खूण २०८०० ला पडली असणार, जेथे कोणी शोधत नाही.

चिपलेव्हल_बर्डी

यांनी सांगितले ते अगदी बरोबर आहे, आणि मी आधीच्या उत्तरात फाइलच्या आकाराचे लिहायला हवे होते. ते माझ्याकडून राहिले. एवढेच जोडतो की पहिल्यांदा सुरू करताना जुना २६०० च बसवा, ५६०० नको. एका वेळी एकच बदल. नव्या बायॉसला रॅमची ओळख पटवायला वेळ लागतो, यंत्र मधेच आपोआप दोन-तीनदा बंद-चालूही होईल. काही मिनिटे बटणाला हात लावू नका.

अक्षरजुळणी

चालू झाला!

तुम्ही सांगितलेल्या पत्त्यावर ती खूण दिसली. नवी फाइल लिहिली, पडताळली, प्रोसेसर बसवला आणि बटण दाबून हात मागे घेतला. पहिला मिनिटभर काहीच नाही, एकदा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि मग कॅप्स लॉकचा दिवा लागला. त्यानंतर पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले. माझे विंडोज जुन्या पद्धतीने बसवलेले असल्यामुळे आधी डिस्क सापडत नव्हती. बायॉसमध्ये सीएसएम ही जुन्या पद्धतीसाठीची सोय चालू केल्यावर सगळे पूर्ववत झाले. बायॉसच्या माहितीत बोर्डाच्या अनुक्रमांकाची जागा रिकामी दिसते. टंकांच्या सॉफ्टवेअरने पुन्हा नोंदणी मागितली. बिघडलेल्या प्रतीत अनुक्रमांक साध्या अक्षरांत सापडला, तो त्यांना फोनवर सांगितल्यावर नवा परवाना क्रमांक मिळाला. ती प्रत जपून ठेवायला सांगितली नसती तर मी ती नक्कीच पुसून टाकली असती.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. यूपीएस असूनही असे का झाले? आणि आता ५६०० बसवताना काही विशेष काळजी घ्यायची का?

त्रिमूर्तीनगर

यूपीएसबद्दल मी सांगतो. वीज विभागात माझी नोकरी झाली आहे. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची शिशाची बंद बॅटरी असते. ती उष्णतेने लवकर मरते. २५ अंशांच्या वर प्रत्येक दहा अंशांना तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टेबलाखाली कोंडून ठेवलेल्या यूपीएसच्या आत काय तापमान असेल, ते लक्षात घ्या. अशी बॅटरी मीटरवर बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते आणि भार पडताच कोसळते, म्हणून दिवा हिरवा असतो आणि वेळेला यूपीएस दगा देतो. नवी बॅटरी बसवा, आणि दर तीन महिन्यांनी संगणकाऐवजी १०० वॅटचा साधा बल्ब लावून, यूपीएसचा प्लग काढून तो किती वेळ जळतो हे पाहत जा. बायॉस टाकण्याच्या दिवशी तर ही चाचणी आधी केलीच पाहिजे.

पण मला त्याहून जास्त काळजी तुमच्या कूलरची वाटते. पंपात शॉर्ट झाला म्हणून एमसीबी पडला, हे नशीब समजा. पंपातून नुसती गळती होऊन वीज पाण्यात आणि पत्र्याच्या बॉडीत उतरली असती, तर एमसीबी पडला नसता, कारण तो इतक्या कमी प्रवाहाला दाद देत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरला हात लावून माणसे दगावतात, ती अशीच. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा खटका) नसेल तर या आठवड्यात बसवून घ्या, कूलरला तीन पिनांचाच प्लग आणि खरे अर्थिंग द्या, पाणी भरताना प्लग काढा, आणि संगणकाची लाइन कूलरच्या लाइनपासून वेगळी करा. तो जुना पंप दुरुस्त करून पुन्हा वापरू नका.

चिपलेव्हल_बर्डी

साहेबांनी सांगितलेले आधी करा, प्रोसेसर त्यानंतर.

५६०० साठी नवे काही लागत नाही, तुम्ही टाकलेले बायॉस त्याला ओळखते. जुना काढताना मात्र जपा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट गोंदासारखी चिकटते. थंड यंत्रावर प्रोसेसरवरचा कूलर (पंखा व धातूचा ठोकळा) सरळ वर ओढला, तर सॉकेटचा खटका बंद असतानाही प्रोसेसर त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून यंत्र दहा-पंधरा मिनिटे चांगले काम देऊन गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवत सैल करा. सैल झाल्याचे हाताला कळते, मगच उचला. नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्यांदा एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्या ठेवण्याची सोय) रीसेट करायचे का असे विचारले जाईल. तुमच्याकडे बिटलॉकर नाही, तेव्हा होकार दिला तरी चालेल. सगळे ठीक चालले की प्रोग्रॅमर परत देण्याआधी चिपची एक चांगली प्रत वाचून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि त्या पेनड्राइव्हवर बोर्डाचे नाव लिहून चिकटवा.